आठवी फरशी

लहान मुलांना गणित शिकवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

असं मी ताईला सांगितलं. तिच्याच घरात, तिनेच केलेला चहा पिताना, पाय लांब करून.

"तू उगाच जिवाला लावून घेतेस," मी म्हणालो. "अधिक म्हणजे लिफ्ट वर, वजा म्हणजे लिफ्ट खाली. झालं! याच्यापुढे गणितात आहे काय?"

मी लिफ्ट दुरुस्त करतो. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट लिफ्टवरून समजावता येते, अशी माझी ठाम समजूत आहे.

ताईची मुलगी सहा वर्षांची. गाल कायम काहीतरी साठवल्यासारखे फुगलेले, म्हणून सगळे तिला खारू म्हणतात. बेरीज आली की खारू हाताची बोटं मोजायची आणि ती संपली की खाली बसून मोजे काढायची. वजाबाकी आली की सरळ भोकाड पसरायची. "एकदा दिलेलं परत का घ्यायचं?" हा तिचा सवाल. खरं सांगू का, त्याला ताईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण मी तसं दाखवलं नाही.

"मी शिकवायला बसले की माझा आवाज चढतो," ताई म्हणाली. "मग ती रडते. मग मी रडते."

"कारण तू पुस्तकातून शिकवतेस! आता सगळं खेळातून असतं. ऑनलाइन! माझ्या फोनवर असा खेळ आहे ना, की बस! तू निवांत ऑफिसला जा. संध्याकाळी येशील तेव्हा पोरगी घडाघडा गणितं सोडवत असेल."

ताईने पर्स खांद्याला लावली आणि दारात थांबून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"तू बरा आहेस ना रे?"

इथे एक खुलासा करायला हवा. महिन्यापूर्वी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. म्हणजे भांडण नाही, तंटा नाही. तिला परगावी चांगली नोकरी लागली, मला तिकडे जायचं नव्हतं, दोघांनी कॉफी पिऊन हसत विषय संपवला. त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो! पण लग्न मोडलेला माणूस घोरतो, यावर कोणाचा विश्वासच बसत नाही. ताई, शेजारीपाजारी, सगळे माझ्याकडे असे बघायचे, की जणू मी काठावर ठेवलेली काचेची बरणी आहे.

"एकदम ठणठणीत!" मी म्हणालो. ताई गेली. दाराचं लॅच खट्कन लागलं.

मी दुधाचं पातेलं शेगडीवर चढवलं, फोन काढला आणि खारूला मांडीवर घेतलं.

खेळाचं नाव बेडूकराव. तळ्यात एका रांगेत कमळाची पानं आणि पानांवर आकडे. 'पाच अधिक तीन' असं आलं की बेडूकरावाने पाचाच्या पानावर बसायचं आणि पुढे तीन उड्या मारायच्या. नेमका आठावर पोचला की तळ्याचं दार उघडतं आणि एक बाई मधाळ आवाजात म्हणते, "शाब्बास!" चुकला की मागून मगर जबडा उघडते आणि तीच बाई तितक्याच मधाळ आवाजात म्हणते, "पुन्हा प्रयत्न करा! तुम्हाला नक्की जमेल!"

खारू रंगली. अशी रंगली की गालातलं बिस्कीट चावायची विसरली! पटापट तळी पार होऊ लागली. मोज्यांना हात नाही, डोळ्यात पाणी नाही. माझी छाती शर्टात मावेना.

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट घडलीच नसती. पण मला वाटलं, पडद्यावरचं गणित पडद्यावरच राहतं. तेच पायाखाली आणलं तर जन्मभर विसरणार नाही! मी खारूचा खडू घेतला आणि बाल्कनीत गेलो. ताईची बाल्कनी म्हणजे लांबट बोळ, एका माणसापुरता. फरशांची एकच रांग. दाराजवळच्या फरशीवर मी एक लिहिला, पुढच्या फरशीवर दोन, असं करत कठड्यापर्यंत गेलो. तिथे सात आला. वाकून सातावर शेवटची रेघ ओढतोय, तोच मागे खर्रर्र आवाज झाला.

दाराची खालची कडी!

"मामा, आता तू बेडूक," शेजारच्या खिडकीच्या गजांमागून खारू म्हणाली. "मी दार."

"व्वा!" मी कौतुकाने म्हणालो. कौतुकाने! माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

तिने फोनकडे पाहिलं. "पाच अधिक तीन!"

"आठ!"

"बोलायचं नाही! बेडूक बोलतो का? उडी मार!"

मी पाचावर उभा राहिलो. एक उडी, सहा. दुसरी उडी, सात. आणि पुढे कठडा. कठड्यापलीकडे तीन मजले हवा आणि मग रस्ता.

"अजून एक उडी राहिली," खारू म्हणाली.

"बाळा, फरशा संपल्या."

"आठ कुठाय?"

"आठ... आठ तिकडे असता," मी बोट दाखवलं, "पण तिकडे फरशी नाही ना. तू दुसरं गणित दे."

"हे सुटल्याशिवाय दुसरं येत नाही," खारू गंभीरपणे म्हणाली. तिने फोनवर काहीतरी दाबलं. आवाज पूर्ण मोठा केलेला होता, तोही मीच!

"पुन्हा प्रयत्न करा!" बाई बाल्कनीभर घुमली. "तुम्हाला नक्की जमेल!"

मी हसलो. परत पाचावर गेलो आणि लाडीगोडी लावली. चॉकलेट देतो म्हणालो. पण खारू म्हणजे नियमाला पक्की. बेडूक आठावर पोचला की दार उघडतं, नाहीतर मगर. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

दूध!

आणि त्याच क्षणी मला करपल्याचा वास आला. पातळ, कडवट आणि अगदी स्पष्ट.

मी दाराकडे झेपावलो. दूध उतू जातं, शेगडी विझते आणि गॅस मात्र येतच राहतो, हे काय मला सांगायला हवं? घरात सहा वर्षांची पोर एकटी. मी बाहेर. दार आतून बंद. फोन तिच्या हातात.

"खारू!" दाराची मूठ बाहेरून खेचत मी ओरडलो. "खेळ संपला! कडी काढ!"

खारूने माझा चेहरा पाहिला आणि निमूटपणे खाली बसून कडी ओढली. पुन्हा ओढली. दोन्ही हातांनी ओढली.

"मामा, येत नाही."

"जोर लाव!"

"लावला. मगरीने धरलीय वाटतं."

"बरं, मग असं कर. स्वयंपाकघरात जा आणि शेगडीचं बटण..." आणि मीच थबकलो. भलत्याच बाजूला फिरवलं तर?

पण तो प्रश्नच आला नाही. "आईने सांगितलंय, शेगडीला हात लावायचा नाही," खारू म्हणाली. "कोणी सांगितलं तरी नाही."

मी खाली वाकलो. समोरच्या दुकानातला शिंपी मान वर करून माझ्याकडेच बघत होता. त्याचा काय दोष! लग्न मोडलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर कठड्याकडे उड्या मारत जातो, थांबतो, मागे येतो, परत उड्या मारत जातो, हे तो मघापासून पाहत होता.

"अहो!" मी ओरडलो. "दार बंद झालंय!"

शिंपी धावत रस्त्यावर आला आणि गळ्यात टेप तशीच असताना येणाऱ्याजाणाऱ्यांना म्हणाला, "सगळी दारं बंद झाली म्हणतोय हो!"

"तसं नाही! आत गॅस चालू आहे!"

"गॅसपण सोडून ठेवलाय!"

"आत लहान मुलगी आहे!"

"अरे देवा! पोरीसकट!"

बघता बघता खाली जत्रा जमली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, म्हणजे बरोबर आमच्या खालच्या घरातल्या, हातात उलथनं घेऊन धावत अंगणात आल्या. या काकूंनी माझं लग्न जमल्यावर सगळ्या बिल्डिंगला बातमी दिली होती, आणि मोडल्यावर तर गल्लीला.

"अरे, एक मुलगी गेली म्हणून काय झालं!" काकूंनी उलथनं माझ्यावर रोखलं. "मी दुसरी बघते! कालच एक आलंय स्थळ! शिकलेली आहे!"

"काकू, मला स्थळ नको, मला दार..."

"मामा!" खिडकीतून खारूचा खणखणीत आवाज आला. आपल्याला कडी काढता येत नाही म्हटल्यावर तिने स्वतःच्या डोक्याने दुसरा मार्ग काढला होता. गणित पूर्ण झालं की दार आपोआप उघडतं! खेळात तसंच होतं ना! "मामा, एकच उडी! मार ना! घाबरू नकोस!"

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"पुन्हा प्रयत्न करा!" फोनमधली बाई म्हणाली. "तुम्हाला नक्की जमेल!"

"ही कोण बाई आत बसून चिथावतेय?" शिंपी कडाडला. "वॉचमन! वर जा आणि धरा तिला!"

वॉचमन वर धावला. मला आतून दारावरच्या थापा ऐकू आल्या आणि मग खारूचं उत्तर.

"मोठं माणूस घरात नसलं की दार उघडायचं नाही!"

"बाळा, तुझा मामा कुठाय?"

"बाहेर!"

"बाहेर म्हणजे?"

"बाल्कनीत! म्हणून तर घरात मोठं माणूस नाही!"

वॉचमन पुन्हा थापा मारू लागला. शहाणी आणि आज्ञाधारक मुलगी घडवल्याबद्दल मी त्या क्षणी ताईला मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते सांगत नाही. करपट वास आता चांगलाच वाढला होता. खिडकीच्या गजांतून हात घातला तर खांद्यापर्यंत गेला, पण कडी खाली, पार जमिनीजवळ. बोटं नुसती हवेत वळवळत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, आईचा फोन!"

"दे! इकडे दे!"

पण मी फोनसाठी हात पुढे करेपर्यंत खारूने तो कानाला लावलासुद्धा. "हॅलो आई. मामा बाल्कनीत आहे. तो उड्या मारतोय... नाही, अजून नाही मारली. एकच राहिलीय. ती मारली की सुटेल बिचारा."

"खारू!"

"बेडूकरावला कोणीतरी मध्येच थांबवलं," तिने फोनकडे बघत तक्रार केली, फोन कट केला आणि परत खेळात गेली. मी फोन मागितला तर म्हणाली, "बेडकाकडे फोन असतो का?"

पलीकडे ताईने एवढंच ऐकलं. तिने तिथल्या तिथे अग्निशमन दलाला फोन लावला आणि एक चप्पल ऑफिसात टाकून निघाली. शिंप्याने आधीच फोन केलेला होता, ते वेगळंच.

मी खिडकीशी बसलो. रोज बंद लिफ्टमधल्या माणसांना मी बाहेरून सांगतो, शांत राहा, काही होत नाही, दीर्घ श्वास घ्या. अडकलेल्या माणसाला ते ऐकून किती संताप येत असेल, हे मला त्या दिवशी कळलं. श्वास घ्यायलाच तर मी घाबरत होतो! प्रत्येक श्वासाला वास वाढत होता.

"खारू," मी जमेल तितक्या शांतपणे म्हणालो, "तू स्वयंपाकघराकडे जाऊ नकोस. माझ्यासमोर बस. इथून हलू नकोस."

ती खिडकीला नाक लावून बसली. "मामा, तुला रडू येतंय?"

"नाही गं."

"मला वजाबाकी आली की असंच होतं," ती म्हणाली आणि गजातून हात काढून तिने माझ्या डोक्यावर थोपटलं.

सायरन ऐकू आला. लाल गाडी गल्लीत शिरली, गर्दी फाकली, शिडी वर सरकू लागली. शिडीवर एक जवान आणि खाली भोंगा घेतलेला अधिकारी. मी आनंदाने उठलो आणि त्यांना हात करायला धावत कठड्याशी गेलो, सातावर!

गर्दीतून किंकाळी उठली.

"साहेब, शांत राहा!" भोंगा गरजला. "काही होत नाही! दीर्घ श्वास घ्या! आता दोन पावलं मागे व्हा. फक्त दोन. मागे!"

मी मुकाट्याने मागे सरलो. एक. दोन.

"ए!" खिडकीत खारू ताडकन उभी राहिली. "तू साताहून उलटा आलास! सहा... पाच! मामा, तू पाचावर आहेस! सातातून दोन मागे, पाच!"

"हो," मी म्हणालो. माझं लक्ष शिडीकडे होतं.

"म्हणजे ते काका वजाबाकी खेळतायत! मागे येणं म्हणजे वजा? कुणाचं काही घ्यायचं नाही, नुसतं मागे यायचं?"

मी तिच्याकडे पाहिलं. डोळे एवढे मोठे झालेले, गाल लाल! बाहेर पन्नास माणसं, सायरन, शिडी, आणि या पोरीला वजाबाकी कळली होती!

"हो गं राणी! नुसतं मागे यायचं!"

"मग आपण वजाच्या वेगळ्या तळ्यात जाऊ. तिथे तुला फरशा पुरतील!" तिने फोनवर बोटं नाचवली. "सात वजा दोन. झालं!"

"शाब्बास!" बाई किंचाळली. खाली कोणीतरी रागाने म्हणालं, "आता शाब्बासकी देतेय, सटवी!"

"आता दार उघडणार," खारू म्हणाली आणि कडीशी बसली.

आणि तेव्हा कुठे मला माझा धंदा आठवला! अडकलेलं दार जोराने उघडत नाही. त्याच्यावरचा ताण काढावा लागतो. मघाशी मी बाहेरून दार खेचलं होतं, म्हणून तर कडी आवळली होती! मगर म्हणजे मीच! मी खांदा लावून दार आत दाबलं.

"आता ओढ. हळूच."

खर्रर्र!

दार उघडलं. मी खारूला उचललं, काखोटीला मारलं, श्वास रोखला आणि स्वयंपाकघरात झेप घेतली.

पातेलं शेगडीवर होतं. दूध पातेल्यात होतं. मी बोट घातलं. गार! फ्रिजमधून काढलं तसं गार! शेगडीचं बटण बंद. मी ती पेटवलीच नव्हती!

मी रोखलेला श्वास सोडला. आणि मग नाक पुन्हा फुरफुरलं. शेगडी बंद, तर मग हा करपट वास कसला?

मी खिडकीतून डोकावलो. खालच्या घराच्या खिडकीतून काळा धूर आता लोळत वर येऊ लागला होता.

"काकू!" मी जीव तोडून ओरडलो. "तुमच्या शेगडीवर काय आहे?"

काकूंनी हातातल्या उलथन्याकडे पाहिलं. उलथन्याला कांदा चिकटलेला होता.

"अगं बाई! माझा कांदा!"

डोक्यावर माझ्या उड्यांचा धपधपाट ऐकून त्यांचं कांद्यावरून आधीच लक्ष उडालं होतं, मग त्या मला वाचवायला फोडणीतून उठून आल्या होत्या आणि त्यांच्या दाराचंही लॅच मागे लागलं होतं. किल्ली आत! पण शिडी तयारच होती. माझ्याकडे निघालेला जवान अर्ध्यावरून वळला, दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उतरला आणि आत घुसला. ओट्यावरचा पडदा नुकताच पेटला होता. आणखी जरा उशीर झाला असता तर काकूंचं घर गेलं असतं, आणि त्यावरचं ताईचंही. त्याने शेगडी बंद केली, पडदा ओढून विझवला आणि कोळशासारखी कढई हातात घेऊन बाल्कनीत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खालून ताई आली. एक पाय अनवाणी. खारूला माझ्या कडेवर बघून तिने आधी तिला घट्ट धरलं, मग मला घट्ट धरलं, मग मला एक सणसणीत ठेवून दिली आणि परत घट्ट धरलं. तिचं हृदय धडधडत होतं ते माझ्या बरगड्यांना कळत होतं.

तोवर अधिकारी वर आले. त्यांच्यामागे वॉचमन, शिंपी, काकू, सगळी वरात. अधिकाऱ्यांनी कागद काढला.

"काकूंच्या आगीचं लिहून झालं," ते म्हणाले. "पण पहिला फोन तुमच्यासाठी होता. त्याचं कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

मी घसा खाकरला. लिफ्टपासून सुरुवात करावी, की बेडकापासून? लग्नाचा उल्लेख करावा की टाळावा? सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. मी शब्द जुळवतोय, तोवर ताईच्या कडेवरून खारूने त्यांना समजावून सांगितलं, अगदी मायेने, मामाला वाईट वाटू नये अशा बेताने.

"काका, मामाला आठ येत नाही."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग तेच लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी सही केली.